उलटी बाजू

लिफ्ट बंद होती, ते एका परीनं बरंच झालं. ताईला आज कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि चार मजले चढताना निदान त्या लिफ्टच्या नावानं तरी बोटं मोडून झाली. दारापाशी पोचली तेव्हा तिला दम लागला होता. राग मात्र जिथल्या तिथं होता.

दार आईनं उघडलं. "अगं, किती घामाघूम झालीस. बस आधी, पाणी आणते."

"बाळ आलाय?"

"आलाय ना. सगळे तुझ्यासाठीच खोळंबलेत. बटाटे गार व्हायला लागले."

बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. पोट सुटलं, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी या घरात तो बाळच राहिला, आणि त्याचे लाडही त्याच वयाचे राहिले. तो टेबलाशी बसून संत्रं सोलत होता. टेबलाच्या टोकाला ताईचे वडील, अण्णा, कोर्टातून निवृत्त होऊनही खुर्चीत न्यायाधीशासारखेच ताठ. त्यांच्या शेजारी आत्या, अण्णांची थोरली बहीण. तिला डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं आणि त्या दिवसापासून ती साऱ्या जगावर रुसून बसली होती.

"आल्या सरकार," आत्या म्हणाली. "चला, आता तरी चार घास मिळतील. अळणी का होईना."

एरवी ताई हसली असती. आज तिनं खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "बाळ त्या इमारतवाल्या कंपनीत भागीदार झाला, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

बाळचा हात संत्र्यावर थांबला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोर्टातही अडचणीचा प्रश्न आला की ते हेच करायचे. ताईला जे कळायचं ते तेवढ्यानंच कळलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

आता या घरच्या खेळाबद्दल सांगायला हवं, कारण आजचं सगळं त्यावरच उभं आहे. ताई आणि बाळ लहानपणी भांडले की अण्णा दोघांना टेबलाशी बसवायचे आणि म्हणायचे, उलटी बाजू. म्हणजे ताईनं आधी बाळच्या तोंडचं भांडायचं. त्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं. बाळनं 'हेच माझं म्हणणं' असं कबूल केलं की मगच तिला स्वतःची तक्रार करायची मुभा. मग बाळची पाळी. पोरं थोरली झाली तरी खेळ सुटला नाही. लग्न ठरवणं असो, घर घेणं असो, आत्याचं औषध असो, या टेबलावर उलटी बाजू मांडल्याशिवाय काही ठरलं नाही. बाळ त्यात नेहमी मार खायचा. ताई नेहमी जिंकायची, आणि तिची उलटी बाजू संपली की अण्णा टेबलावर दोन बोटं हलकेच आपटायचे. ती शाबासकी. त्या दोन बोटांसाठी ताईनं वकिली केली म्हटलं तरी चालेल.

पुढं ती सरकारी वकील झाली, नागरी हक्कांची अपील शाखा तिच्या हाताखाली आली, तेव्हा तिनं हाच खेळ कचेरीत नेला. कुणाला जन्मावरून घर नाकारलं, कुणाला नोकरी, कुणाला दवाखान्यात खाट, आणि खालच्या कोर्टात तो माणूस हरला, की सरकारतर्फे वर दाद मागायची हे या शाखेचं काम. सुनावणीच्या आधी सगळे एका खोलीत बसायचे, आणि ताई समोरच्या बाजूची वकील व्हायची. आपल्याच माणसांना ती असं सोलून काढायची की खऱ्या कोर्टात त्यांना भीती म्हणून उरायची नाही. शाखेनं इतकी अपिलं जिंकली ती या एका सवयीवर. नव्या पोरी तिला पाठीमागं 'उलटी बाई' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

परवा व्हायची सुनावणी होती बसवालीची. शहराची बस चालवणारी बाई, दोन मुली, म्हातारी आई, राहायला नदीपलीकडच्या वस्तीत. कामाच्या मार्गावर एक भाड्याची इमारत, तिथं घर रिकामं. ही विचारायला गेली तर कंपनीनं नियम दाखवला: जुन्या भाडेकरूची शिफारस असेल तरच नव्याला घर. नियम सगळ्यांना सारखा, कुणाचं नाव नाही, गाव नाही. आणि त्या इमारतीत आजवर नदीपलीकडचा एकही माणूस राहायला गेला नव्हता. खालचं कोर्ट म्हणालं, नियमात भेदभाव कुठं लिहिलाय? ताईच्या शाखेनं अपील केलं.

बसवाली कचेरीत आली तेव्हा खुर्चीवर टेकली नाही. दिवसभर बसूनच काम असतं, म्हणाली, उभीच बरी. मग म्हणाली, "बाई, त्या इमारतीतले सगळे रोज माझ्या बसमध्ये चढतात. त्यांची पोरं मला हाक मारतात. एका आजीबाईंना तर मी हात धरून उतरवते. शिफारस मात्र त्यातल्या एकाचीही नाही." एवढं सांगून ती कामावर निघून गेली.

आज रविवार असूनही शाखा कचेरीत जमली होती. कंपनीचं उत्तर आलं होतं. ताईच्या हाताखालची पहिली वकील, जिला सगळे पेन्सिल म्हणतात, एक तर अंगानं तशीच आणि दुसरं म्हणजे कानावरची पेन्सिल कधी खाली येत नाही म्हणून, ती मोठ्यानं वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"मॅडम, हा मुद्दा बघा. म्हणतात, शेजारी कोण असावा यात जुन्या भाडेकरूंचा हक्क गुंतलाय, आणि त्यांना खटल्यात कुणी बोलावलंच नाही. 'उंबरठा ज्यांचा, त्यांनाच सरकारनं विचारलं नाही.' आता त्यांना बोलवायचं तर वर्ष जाईल, नाही तर अपील इथंच बारगळेल. हे त्यांना सुचलं कसं? हे तर अगदी तुमच्यासारखं आहे."

तुमच्यासारखं नव्हतं. तिचंच होतं. शब्दन् शब्द. मागच्या रविवारी घरच्या याच टेबलाशी बसून अण्णांनी सहज विचारलं होतं, "समजा, एक इमारत आहे." ताईनं ओळखलं होतं कुठली ते. खटला पेपरात आला होता, अण्णांचा वेळ जात नव्हता, तिला वाटलं, म्हाताऱ्याला करमणूक. आणि समोरच्या वकिलाच्या डोक्यात न आलेला तो मुद्दा, जो तिनं उद्याच्या सरावात आपल्या पोरींना घाबरवायला राखून ठेवला होता, तो तिनं इथं झोकात मांडला. बाळ तेव्हाही संत्रंच सोलत होता. अण्णांनी दोन बोटं आपटली होती. तिला बरं वाटलं होतं. 

उत्तराच्या तळाशी कंपनीतर्फे नव्या भागीदाराची सही होती. ती बाळची होती. लहानपणी प्रगतीपुस्तकावर अण्णांच्या नावाची सही करायला त्याला ताईनंच शिकवलं होतं. तीच लांब शेपटी.

"मी विचारलं, कधीपासून?" ताई पुन्हा म्हणाली.

"उन्हाळ्यापासून," अण्णा म्हणाले. "पण तू आधी बस. उभ्यानं बोलायची आपली पद्धत नाही."

"केसानं गळा कापायचीही आपली पद्धत नव्हती."

आई पाण्याचा पेला घेऊन आली ती तशीच उभी राहिली. "काय झालंय? कुणी मला सांगेल का?"

बाळनं तोंड उघडलं. "आई, काही नाही. ताईच्या खटल्यात आमची कंपनी आहे. मी तिला सांगणारच होतो, पण तिनं लगेच खटला सोडला असता. आणि मग कुणीतरी अनोळखी आला असता. त्यापेक्षा ताई बरी, असं…"

"असं काय? घरची वकील फुकट मिळते?"

"तू बोललीस, ताई. तुझ्या तोंडात कुणी शब्द कोंबले नव्हते. मी ऐकलं आणि आमच्या वकिलाला सांगितलं. ऐकलेलं विसरायचं कसं ते तरी सांग."

"तू ऐकत नव्हतास. तू संत्रं सोलत होतास."

"संत्रं सोलताना कान बंद होतात का?" आत्या मधेच म्हणाली. तिला वाटलं असावं की विनोदानं निभावून जाईल. तिनं लगेच भावाची बाजू धरली. "आणि अगं, बाप मुलाचं बघणार नाही तर कोण बघणार? त्या पोरानं आजवर हात लावला ते बुडालं. आता कुठं बस्तान बसतंय. तुझं काय, तुला सरकार आहे."

"बसवालीला कोण आहे, आत्या?"

"मला कुठली बसवाली? मी रिक्षानं फिरते."

कुणी हसलं नाही. आत्यानं अळणी बटाटा उगाच चिवडला.

बाळ पुढं झुकला, आवाज खाली आणला. धंद्यात बोलताना तो असाच बोलत असणार, ताईला वाटलं, आणि तिला त्याची शिसारी आली. "ताई, ऐक. त्या बाईला घर हवंय ना? देतो. उद्या सकाळी किल्ली देतो. दुसऱ्या मजल्यावरचं, उजेडाचं. तू फक्त गप्प राहा. तू बोललीस तर खटला तुझ्या हातून जाईल, तुझ्यावर चौकशी बसेल, अण्णांचं नाव पेपरात येईल. या वयात. गप्प राहिलीस तर कुणाचंच काही बिघडत नाही."

हे मात्र ताईला आत कुठंतरी लागलं. कारण ते खोटं नव्हतं. ती गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. 'हे त्यांना सुचलं कसं' याचं उत्तर पेन्सिलला सापडलं नव्हतंच. परवा कोर्टात ताईच उभी राहिली असती, आणि उंबरठ्याच्या मुद्द्याला उत्तर देणारं कुणी असेल तर तीच होती. तिनंच तो रचला होता, मोडायचा कुठून ते तिलाच ठाऊक. आणि ती बाजूला झाली की अख्खी शाखा संशयात. वरचे साहेब अशा संधीची वाटच बघत होते. हे अपील त्यांना पहिल्यापासून नकोच होतं. ज्या बाईसाठी खरं बोलायचं, तिचंच नुकसान व्हायचं. ही कसली गोची करून ठेवली होती या दोघांनी. तिला टेबल उलटं करावंसं वाटलं, बटाट्यांसकट.

"आणि नियम?" तिनं विचारलं. "शिफारशीचा?"

"नियमाचं काय? नियम राहील. तो भाडेकरूंनाच हवाय."

"म्हणजे हिला घर, आणि हिच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या बाईला दार बंद."

"सगळ्या जगाचा ठेका तू घेतलायस का?"

"हो. पगार घेते त्याचा. आणि तुझा सौदा तिच्यापाशी घेऊन जा, माझ्यापाशी नको. ती घ्यायची तर घेईल. माझं तोंड त्या किल्लीत बांधू नकोस."

"जाऊ दे गं," आई हळूच म्हणाली. आईचं आयुष्य जाऊ दे म्हणण्यातच गेलं होतं. "घरातली गोष्ट घरात राहू दे. तुमचा तो खेळ आहे, खेळता खेळता गेली गोष्ट तोंडातून. कुणी मुद्दाम थोडंच केलं?"

"विचार ना त्यांना. मुद्दाम केलं का ते."

आई अण्णांकडं वळली. अण्णांनी चष्म्याला हात लावला.

"चष्मा राहू द्या," आई म्हणाली. "तुम्ही तिला विचारलंत तेव्हा बाळचं तुम्हाला माहीत होतं. बाळ शेजारी बसलाय हेही माहीत होतं. तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत?"

"मी एक प्रश्न विचारला," अण्णा म्हणाले. "उत्तर द्यायचं की नाही, हे तिच्या हातात होतं. ती वकील आहे. चालू खटल्याबद्दल घरी बोलू नये, हे मी तिला शिकवायला हवं?"

"ती वकिलाला नाही सांगत होती. बापाला सांगत होती."

आईनं हातातला पेला ताईपुढं ठेवला, अण्णांशेजारची आपली खुर्ची ओढली आणि टेबलाला वळसा घालून ताईच्या बाजूला आणून ठेवली. इतक्या वर्षांत आई कधी त्या बाजूला बसली नव्हती. बाळ आ वासून बघत राहिला. आत्यानंसुद्धा भावापासून खुर्ची जराशी दूर सरकवली. कुणाच्या लक्षात येऊ नये इतकीच.

अण्णांना ते दिसलं. त्यांचा चेहरा पडला. ताईला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची दया आली नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि बसली. "भांडण आहे ना? मग पद्धतीनं होऊ दे. उलटी बाजू. अण्णा, माझं म्हणणं तुम्ही मांडा."

"ताई, हे काय आता," बाळ पुटपुटला.

"तू गप्प बस. तुझं बस्तान बसू दे."

अण्णांनी हात टेबलावर ठेवले. एक क्षण ते म्हातारे दिसले, आणि मग बोलायला लागले तेव्हा नव्हते म्हातारे. आवाज कोर्टातला, सावकाश, एकही शब्द वाया नाही.

"माझे वडील," अण्णा म्हणाले, ताईच्या वतीनं, "यांनी मला खरं बोलायला शिकवलं आणि माझ्या खरं बोलण्याचाच वापर केला. मी त्यांच्या शाबासकीची भुकेली आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी तिथंच गळ टाकला. मुलगा दुबळा आहे म्हणून त्याला सावरायचं, आणि मुलगी खंबीर आहे म्हणून तिच्या खांद्यावर पाय द्यायचा, हा न्याय त्यांनी आयुष्यभर घरात केला. आज त्यांनी माझी नोकरी, माझं नाव आणि माझ्या हाताखालच्या माणसांचा माझ्यावरचा विश्वास, तिन्ही पणाला लावलं, आणि वर मलाच विचारलं, तू बोललीस कशाला. मी बोलले, कारण या टेबलाशी मला कधी सांभाळून बोलावं लागलं नव्हतं. यापुढं लागेल. ती जागा त्यांनी घालवली. ती परत मिळणार नाही."

आईनं पदर डोळ्याला लावला. आत्या ताटाकडं बघत होती. बाळचे कान लाल झाले होते. ताई स्वतः बोलली असती तर याच्या निम्मंही तिला जमलं नसतं. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून त्यानं केलं होतं.

आता तिनं तीन शब्द म्हणायचे होते. हेच माझं म्हणणं. ते म्हटलं की राग खाली ठेवायचा, हा घरचा रिवाज. मग आई बटाटे गरम करणार, आत्या मिठाच्या नावानं खडे फोडणार, आणि गोष्ट घरात राहणार. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. अण्णांची दोन बोटं टेबलावर तयार होती.

"नाही," ताई म्हणाली.

"काय राहिलं?" अण्णांना खरोखरच कळेना. "मी काही सोडलं नाही."

"तुम्ही माझं सगळं सांगितलंत. माझी नोकरी, माझं नाव, माझा बाप. बसवाली कुठं आहे त्यात?"

अण्णांची बोटं टेबलावरून मागं गेली.

"मागच्या रविवारी मी इथं बोलले तेव्हा माझ्याही तोंडी ती आली नाही," ताई म्हणाली. "मी तुमच्या बोटांकडं बघत होते. तिचं घर गेलं ते इथं, या टेबलावर, आपण तिघं हुशारी करत असताना. माझं म्हणणं ते आहे, अण्णा. तुम्ही आत्ता मांडलंत ते फक्त माझं दुखणं झालं."

"थांब. मी पुन्हा मांडतो." अण्णा सावरून बसले, घसा साफ केला. "ती बाई," ते म्हणाले.

आणि थांबले. ओठ हलले, पण पुढं काही आलं नाही. ती बस चालवते, एवढंसुद्धा त्यांना आत्याच्या विनोदावरून आठवायला लागलं असतं. त्यांनी बाळकडं पाहिलं. तिला दुसऱ्या मजल्यावरचं घर देणारा बाळ खाली मान घालून बसला होता. त्यालाही काही माहीत नव्हतं.

ताईनं वाट पाहिली. अण्णांना वेळ द्यायचा, हाही रिवाजच होता. मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, लावला.

"ताई, निदान आतल्या खोलीत तरी जा," बाळ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला.

पलीकडून पेन्सिल म्हणाली, "मॅडम, बरं झालं फोन केलात. उंबरठ्याच्या मुद्द्याला उत्तर काही सापडेना. उद्या सरावाला तुम्ही समोरची बाजू घ्याल तेव्हाच काय ते."

"उद्या मी येणार नाही. परवाही नाही. खटला आता तुझा. तो मुद्दा त्यांना कसा सुचला विचारत होतीस ना, ते सांगते. साहेबांना आजच कळवायचंय, आणि बसवालीला त्यांच्याही आधी. तिला मी स्वतः सांगणार आहे."

पलीकडं कागद सरकल्याचा आवाज आला. कानावरची पेन्सिल खाली आली असावी. "बोला मॅडम. लिहून घेते. मुद्दा कुणी फोडला?"

टेबलाशी अण्णा अजून त्या दोन शब्दांवरच अडकले होते.

"पहिलं नाव माझं लिही," ताई म्हणाली. "मग माझ्या वडिलांचं. मग भावाचं."